करडीचं तेल आणि ‘खाली’ नावाचा शब्द

आमच्या गावात पहिलटकरीण सातव्या महिन्यात माहेरी आली की दोन गोष्टी घरात आणून ठेवतात. एक डिंक आणि दुसरं करडीचं तेल. डिंक नंतर लागतो, तेल आधी. माझी अक्का पहिल्या बाळंतपणाला आली तेव्हा मी अकरावीत होते. आज्जीने मला पिशवीत स्टीलची बरणी देऊन घाण्यावर पिटाळलं होतं. “पाकिटातलं नको आणूस, डोळ्यांदेखत काढलेलं आण,” असं दोनदा बजावलं होतं. त्या बरणीतलं तेल पुढचे दोन महिने अक्काच्या कंबरेला, पायांना, पाठीला आणि पोटाला लागत राहिलं. आज हा लेख मी त्या तेलाबद्दल लिहिते आहे. खरं तर ते जिथं लागलं नाही, त्या जागेबद्दल.

माझं गाव ठाणाकुशनूर. बिदर जिल्हा, कर्नाटक. कॉलेजात कुणी विचारलं की मी “उदगीरच्या बाजूला” असं सांगून मोकळी होते, कारण बिदरमध्ये मराठी बोलतात हे बऱ्याच जणांना नव्याने सांगावं लागतं. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बिदर आणि उदगीर एकाच हैदराबाद राज्यात होते. मग मधून रेषा गेली. आमच्या घरात मराठी, शाळेत कन्नड आणि बाजारात दोन्हींच्या जोडीला दखनी उर्दू. ज्याला आम्ही डोहाळजेवण म्हणतो त्याला कानडी शेजारणी कुबसा म्हणतात, आणि दोन्हीकडच्या साड्या आणि लाडू दोन्ही घरांत फिरतात. तेल मात्र सगळ्यांचं एकच. जमीन काळी, त्यात करडी पिकते, म्हणून करडीचं. जिथं तीळ पिकतो तिथं तिळाचं, कोकणात खोबरेल. बाळंतिणीचं तेल कोणतं, हे बहुतेक वेळा शेतातल्या पिकावरूनच ठरत आलं असणार.

आज्जी तेल कोमट करायची, जमिनीवर सतरंजी टाकायची आणि अक्काला कुशीवर झोपवून कंबरेपासून सुरुवात करायची. तिच्या हातात खरोखर गुण होता. दिवसभर “कंबर गेली गं” म्हणणारी अक्का दहा मिनिटांत गप्प व्हायची, कधीकधी घोरायची. आज्जी चोळता चोळता बोलत राहायची. “तेल जिरू दे अंगात. मंग बघ, लेकरू कसं सुरसुर येतंय.” तेलाने हाडं मऊ होतात, वाट निसरडी होते, नवव्या महिन्यात तूपभात खाल्ला की बाळ अडकत नाही, असं बरंच काही. मी दाराशी बसून ऐकायचे आणि मला ते सगळं पटायचं. कोमट तेलाचा वास, आज्जीचा आवाज आणि अक्काचा सैल पडलेला चेहरा पाहून कुणालाही पटलं असतं.

अक्काचं बाळंतपण दवाखान्यात झालं, नैसर्गिक झालं, बाळ सुखरूप आलं. “मोकळी झाली,” असा फोन आला आणि घरात साखर वाटली गेली. चौथ्या दिवशी ती घरी आली तेव्हा तिला नीट बसता येत नव्हतं. एका कुशीवर कलून ती बाळाला पाजायची आणि पाजताना ओठ चावायची. “काय झालंय?” मी विचारलं. आई म्हणाली, “खाली टाके आहेत.” एवढंच. लघवीला जाताना अक्का भिंत धरून रडायची, आणि आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं की बाळंतपणात हे असंच असतं.

पुढे कधीतरी रात्री बाळ झोपल्यावर तिने मला सांगितलं. आत कुणाला सोडलं नव्हतं. शेवटी कळा जोरात आल्यावर छेद दिला. देण्याआधी कुणी विचारलं नाही, सांगितलंही नाही. तिला कळलं ते टाके घालताना. “पहिलटकरणीला द्यावाच लागतो,” एवढं एक वाक्य तिच्या वाट्याला आलं. मग ती जे बोलली ते माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. ती म्हणाली, “दोन महिने अंगभर तेल लावलं गं. जिथं फाटणार होतं तिथलं कुणी बोललंसुद्धा न्हाई.”

तिथंच हा लेख सुरू झाला, फक्त लिहायला चार वर्षं लागली.

गेल्या वर्षी समाजशास्त्राच्या प्रकल्पासाठी मी स्त्रियांच्या आरोग्यावर वाचत होते. तेव्हा पहिल्यांदा कळलं की अक्का ज्या जागेबद्दल बोलत होती, त्या जागेच्या मालिशवर रीतसर अभ्यास झालेले आहेत. योनीमार्ग आणि गुदद्वार यांच्या मधला जो भाग असतो, त्याला डॉक्टर ‘पेरिनियम’ म्हणतात. बाळाचं डोकं बाहेर येताना सगळ्यांत जास्त ताण याच भागावर येतो. पहिल्या बाळंतपणात तो भाग कधीच इतका ताणला गेलेला नसतो, म्हणून तिथं फाटतं किंवा छेद दिला जातो. गरोदरपणाच्या शेवटच्या पाच-सहा आठवड्यांत बाईने स्वतः, किंवा तिला चालत असेल तर तिच्या नवऱ्याने, स्वच्छ हाताने थोडं तेल घेऊन त्या भागाला हळूहळू ताणाची सवय लावायची, अशी ही साधी गोष्ट आहे.

कॉक्रेन ही संस्था वेगवेगळ्या चाचण्या एकत्र तपासून आढावे काढते. तिने या विषयावरच्या चार चाचण्या तपासल्या, मिळून सुमारे अडीच हजार बायका. पहिलटकरणींमध्ये मालिश करणाऱ्यांना टाके पडण्याचं प्रमाण सुमारे दहा टक्क्यांनी कमी आढळलं, आणि ते मुख्यतः छेद कमी लागल्यामुळे. म्हणजे साधारण पंधरा जणींनी मालिश केलं तर त्यातल्या एकीचे टाके वाचतात. आकडा मोठा नाही. मी मुद्दाम सांगते आहे, कारण आज्जीच्या तेलासारखं यालाही जादू करून टाकायचं नाही. मालिश करूनही फाटू शकतं. कधीकधी बाळाच्या जिवासाठी छेद द्यावाच लागतो. ज्यांचं आधी एक नैसर्गिक बाळंतपण झालंय त्यांना टाक्यांच्या बाबतीत फरक दिसला नाही, पण तीन महिन्यांनी राहणारं दुखणं कमी दिसलं. आणि गंमत म्हणजे रोज रोज केल्याने फायदा वाढतो असंही दिसलं नाही. आठवड्यातून एक-दोनदा पुरतं.

पंधरातली एक. तुम्हाला किरकोळ वाटेल. ती एक भिंत धरून रडताना ज्यांनी पाहिलीय त्यांना वाटणार नाही.

आता या दोन मालिशा शेजारी ठेवून बघा. एक अशी, जी घराघरात होते, जिच्यासाठी घाण्यावर पोरगी पिटाळली जाते, जिच्यामुळे बाळ ‘सुरसुर येतं’ असं सगळे मानतात. कंबर-पाय चोळल्याने आराम मिळतो, झोप लागते, कुणीतरी आपल्याला सांभाळतंय असं वाटतं. गरोदर बाईला याहून मोठी भेट काय असणार? पण पाठीला चोळलेलं तेल प्रसूतीच्या वाटेपर्यंत पोचत नाही. गरोदरपणात ओटीपोटाचे सांधे सैल होतात ते शरीरातल्या रिलॅक्सिनसारख्या संप्रेरकांमुळे. खाल्लेलं तूप पोटात पचतं, गर्भाशयात उतरत नाही. बाळ बाहेर येतं ते गर्भाशयाच्या कळांनी आणि त्याचं तोंड दहा सेंटिमीटर उघडल्यावर. दुसरी मालिश अशी, जिचा त्या वाटेशी थेट संबंध आहे, जिचा थोडा पण खरा फायदा मोजून झालेला आहे. तिच्याबद्दल आमच्या घरात एक शब्द नाही.

शब्द नाही, हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. आपण वाङ्मय मंडळाची माणसं आहोत, म्हणून जरा भाषेकडेच बघू. मराठीत बाळंतपणाला किती शब्द आहेत! डोहाळे, ओटीभरण, पहिलटकरीण, कळा, वेणा, वार, नाळ, बाळंतविडा, बाळंतकाढा, शेकशेगडी. बाई ‘अडते’, मग ‘मोकळी होते’, तिची ‘सुटका’ होते. एकेका शब्दात केवढी भीती आणि केवढा सुटकेचा श्वास आहे. पण ज्या जागेतून हे सगळं घडतं तिला आपल्याकडे एकच शब्द उरलाय, ‘खाली’. खाली दुखतंय. खाली टाके आहेत. खाली काहीतरी होतंय. ‘खाली’ म्हणजे कुठे? पाय, जमीन, की तळमजला? आयुर्वेदात त्या भागाला सीवनी, विटप अशी नावं आहेत, पण ती पोथीत राहिली. डॉक्टरांचा पेरिनियम केसपेपरवर राहिला. बाईच्या तोंडात राहिलं ते फक्त ‘खाली’.

आणि हे त्या भूमीत, जिथं प्रसवाच्या मुद्रेतल्या देवीच्या मूर्ती आहेत. बदामीची शिल्पातली लज्जागौरी आपल्यातल्या काही जणांनी संग्रहालयात पाहिली असेल. तेरच्या मातीतही तशा मूर्ती सापडल्या. रा. चिं. ढेरे यांनी १९७८ साली या देवीवर ‘लज्जागौरी’ हा अख्खा ग्रंथ लिहिला. आपल्या पूर्वजांनी जी मुद्रा दगडात कोरली आणि पुजली, तिचं नाव आपण चारचौघीत घेऊ शकत नाही. मग लाज आपली जुनी परंपरा आहे, असं तरी कसं म्हणायचं?

तेलाचंही तसंच. ‘असलं काहीतरी परदेशी फॅड’ असं म्हणणाऱ्यांसाठी सांगते. चरकसंहितेच्या शारीरस्थानात आठव्या अध्यायात गर्भिणीने महिन्या-महिन्याला काय करावं ते सांगितलंय. तिथं नवव्या महिन्यात औषधी तेलाचा बस्ती आणि तेलात भिजवलेला पिचू, म्हणजे कापसाचा बोळा, योनीत ठेवायला सांगितलाय. हेतूही दिलाय, गर्भाची जागा आणि वाट स्निग्ध व्हावी. तो पिचू आज घरी करून बघावा असं मी अजिबात म्हणत नाही. निर्जंतुक नसलेला बोळा आत ठेवणं धोक्याचं आहे. माझा मुद्दा वेगळा आहे. कंबर चोळून वाट मऊ होत नाही, वाटेची तयारी वाटेपाशीच करावी लागते, हे दोन हजार वर्षांपूर्वी कुणाला तरी सुचलं होतं आणि ते सांगायला त्यांची जीभ अडखळली नव्हती.

आणखी एक मराठी नाव इथं घ्यायलाच हवं. आनंदीबाई जोशी. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. त्यानंतर ती अमेरिकेत जाऊन डॉक्टर झाली, हे आपण शाळेपासून ऐकतो. पण ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियात पदवी घेताना तिच्या प्रबंधाचा विषय काय होता, हे मला परवापरवापर्यंत माहीत नव्हतं. विषय होता आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ ला, आनंदीबाई पुण्यात वारली, तेव्हा तिला बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. म्हणजे माझ्याच वयाची. परक्या देशात, पुरुषी विषयांच्या गर्दीत, त्या मुलीला लिहावंसं वाटलं ते बाळंतपणाबद्दल. आणि मी चार वर्षं अक्काचं दुखणं ‘खाली’ या शब्दात गुंडाळून ठेवलं होतं.

आता मला इथं एका गोष्टीची भीती वाटते. हे वाचून कुणी म्हणेल, “म्हणजे आमच्या आज्जीचंच बरोबर, दवाखाने वाईट.” नाही. आज्जीच्या काळात आमच्या गल्लीत बाळंतपणं सुईण करायची. कानडीत तिला सूलगित्ती म्हणतात. आज्जी सांगते, सुईण रात्रभर बसून राहायची, हात धरायची, पाठ चोळायची, धीर द्यायची. पण वाट मोकळी व्हावी म्हणून न धुतलेला तेलाचा हात आत घालणं, वरून पोट दाबणं, असले प्रकारही व्हायचे. त्या हाताने जंतू आत गेले की ताप चढायचा आणि बाई हाती लागायची नाही. आज्जीची स्वतःची बहीण तशीच गेली. म्हणून तर नंतर दाईंच्या प्रशिक्षणात पाच स्वच्छता शिकवल्या: हात स्वच्छ, जागा स्वच्छ, पातं स्वच्छ, दोरा स्वच्छ, नाळ स्वच्छ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २००५-०६ मध्ये देशात शंभरातली जेमतेम ३९ बाळंतपणं दवाखान्यात होत होती, २०१९-२१ मध्ये ती ८९ वर गेली. या बदलाने किती आया आणि बाळं वाचली असतील! तो बदल मला परत फिरवायचा नाही.

पण बाळंतपण घरातून दवाखान्यात गेलं तेव्हा सुईण मागेच राहिली. तिचा न धुतलेला हात सुटला हे चांगलंच झालं. त्यासोबत तिचं बसणं, बोलणं आणि सांगणंही सुटलं. आणि आपण तिला कधी मानाने वागवलं होतं? मराठवाड्यातल्या आणि आमच्याकडच्या कितीतरी गावांत सुईणपण करणाऱ्या बाया दलित घरातल्या होत्या. अडलेली वेळ असेपर्यंत त्यांचा हात सगळ्यांना चालायचा. बाराव्या दिवशी बारशाच्या पंगतीत मात्र त्यांचं पान वेगळं, नाहीतर ओसरीवर. ज्या कामाला आपण विटाळ म्हटलं, त्याबद्दलचं ज्ञानही मग विटाळातच ढकललं. ‘खाली’ हा शब्द मला त्या विटाळाचाच धाकटा भाऊ वाटतो.

आमच्याच राज्यातल्या सूलगित्ती नरसम्मांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. तुमकूर जिल्ह्यातल्या पावगडच्या. शाळा न शिकलेल्या या बाईने पंधरा हजारांहून जास्त बाळंतपणं केली, आणि तीही पैसे न घेता, असं सांगतात. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी नाताळच्या दिवशी त्या गेल्या. पद्मश्री दिली हे योग्यच झालं. पण त्यांच्यासारखी बाई प्रसूतिकक्षात का नसते, हा प्रश्न तिथंच थांबला.

निदान कागदावर तरी उत्तर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये प्रसूतीच्या काळजीबद्दल शिफारशी काढल्या. त्यात सरसकट छेद देऊ नये, असं स्पष्ट लिहिलंय. पोट वरून दाबू नये, असंही. बाईला हवी ती सोबतीण जवळ असावी, तिला सगळं समजावून सांगावं, आणि बाळाचं डोकं येत असताना त्या भागाला मालिश, कोमट पाण्याचा शेक, हाताचा आधार अशा उपायांनी फाटणं टाळावं, असं त्यात आहे. त्याच वर्षी भारत सरकारनेही प्रशिक्षित मिडवाइफ तयार करण्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. शेजारच्या तेलंगणात, करीमनगरला, असं प्रशिक्षण २०१७ मध्येच सुरू झालं होतं. म्हणजे धुतलेला हात आणि जवळ बसून बोलणारी बाई, दोन्ही एकत्र असू शकतात. सुईण किंवा दवाखाना, असं एकच निवडायची वेळ आपल्यावर नाही.

पण प्रशिक्षित मिडवाइफ ठाणाकुशनूरला पोचेपर्यंत माझ्या मैत्रिणींची बाळंतपणं होऊन जातील. तोपर्यंत जे घरात करता येतं ते तरी बोलायला हवं. म्हणून इथं सरळ लिहिते, लाजणाऱ्यांनी पुढचा परिच्छेद सोडला तरी चालेल. पण शक्यतो सोडू नका.

३४-३५ आठवडे झाले की आधी डॉक्टरांना किंवा नर्सबाईंना विचारायचं, “मी हे करू का?” अंगावरून रक्त जात असेल, वार खाली असेल, जंतुसंसर्ग असेल, पाणी गेलेलं असेल किंवा वेळेआधी कळा येण्याचा धोका असेल तर करायचं नाही. नखं कापून, हात साबणाने स्वच्छ धुऊन, टेकून बसायचं. साधं, वास नसलेलं, स्वच्छ खाद्यतेल थोडंसं घ्यायचं. अंगठा तीन-चार सेंटिमीटर आत ठेवून खालच्या बाजूला आणि मग दोन्ही कडांना हळूहळू दाब द्यायचा, ताण जाणवेल इतका, दुखेल इतका नाही. पाचेक मिनिटं. आठवड्यातून एक-दोन वेळा. सुरुवातीला चमत्कारिक वाटतं, पुढे सवय होते. एरंडेल पिऊन कळा आणायचा उद्योग घरी करायचा नाही, त्याने जुलाब होऊन अंगातलं पाणी जातं. पोट जोरात चोळून बाळ ‘फिरवायचं’ नाही. बाकी कंबर, पाय, पाठ आज्जीच्या ताब्यात द्यायला काहीच हरकत नाही.

एवढंच. पाच मिनिटांची आणि दोन रुपयांच्या तेलाची ही गोष्ट अक्कापर्यंत पोचली नाही, कारण ती सांगायला एका बाईने दुसऱ्या बाईशी त्या जागेचं नाव घेऊन बोलावं लागतं.

काही मैत्रिणी म्हणाल्या, “अगं, पण हे बाईवरच आणखी एक काम लादणं झालं. उद्या कुणाला टाके पडले की सासू म्हणेल, मालिश नीट केलं नसशील.” हा आक्षेप मला खरा वाटतो. आपल्याकडे बाईच्या प्रत्येक दुखण्याचा दोष तिलाच चिकटवतात. म्हणून परत सांगते, हे कर्तव्य नाही. जिला नको वाटेल तिने करू नये आणि त्याबद्दल तिला कुणी बोलूही नये. छेद विचारून देणं ही दवाखान्याची जबाबदारी आहे, ती तेलाच्या बरणीवर ढकलता येणार नाही. पण करायचं की नाही हे ठरवायला आधी ते माहीत असायला हवं. अक्काला ठरवायची संधीच मिळाली नाही.

डॉ. राणी आणि अभय बंग यांचा १९८९ मधला गडचिरोलीचा अभ्यास आपल्या ग्रंथालयातल्या पुस्तकांतूनही उल्लेखलेला सापडेल. दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या तेव्हा ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग निघाला, आणि त्यातल्या फार थोड्यांनी आधी कधी तपासून घेतलं होतं. इतक्या साऱ्या बायकांना दुखत होतं आणि त्या गप्प होत्या. दुखणं ‘खाली’ होतं म्हणून.

मुलांनाही एक सांगायचंय. वर्गातल्या दोघांना या लेखाचा विषय सांगितला तर ते हसले आणि म्हणाले, “हे आमच्यासाठी नाही.” तुम्ही कुणाचे तरी भाऊ आहात, उद्या नवरे व्हाल, दवाखान्याच्या दाराबाहेर फेऱ्या माराल. आत काय चाललंय ते माहीत असणारा माणूस दाराबाहेर उभा असला, तर आतल्या बाईचा प्रश्न कुणीतरी विचारू शकतो. अक्काच्या वेळी दाजी दाराबाहेर होते. ते चांगले आहेत, अक्काला जपतात. पण विचारायचं काय, हेच त्यांना माहीत नव्हतं.

या दिवाळीच्या सुट्टीत मी गावी गेले तेव्हा अक्का आली होती. सोबत तिची धाकटी जाऊ, आठवा महिना, पहिलटकरीण. आज्जीने सवयीने तेल कोमट केलं. मी घाबरत घाबरत अक्काला माझ्या प्रकल्पाचे कागद दाखवले. तिने दोनदा वाचले, मध्ये काही प्रश्न विचारले. मग जावेला बोलावून तिने सगळं सांगितलं, अंगठा कसा धरायचा ते बोटांनी दाखवून. एकदाही ‘खाली’ म्हणाली नाही. आधी आशाताईंना विचार, मग डॉक्टरांना, असंही बजावलं.

आज्जी पाठमोरी बसली होती. न राहवून म्हणाली, “आसलं काय बोललालीस गं, लाज सोडलीस का?”

अक्का म्हणाली, “व्हय आज्जी, सोडली. चार वर्षं झाली.”

आज्जी काही बोलली नाही. थोड्या वेळाने तिने जावेच्या पाठीला तेल लावून झाल्यावर वाटीत उरलेलं तेल परत बरणीत ओतलं नाही. एका स्वच्छ बाटलीत नवं तेल काढलं, झाकण घट्ट लावलं आणि ती बाटली जावेच्या पिशवीत ठेवली. म्हणाली, “हात मातुर चांगले धू.”